बासष्ट तपासण्या आणि शिंप्याची टेप

इंदुरातल्या खासगी तपासणी केंद्रांच्या जाहिरातींत हल्ली 'टीन हेल्थ पॅकेज' नावाचा प्रकार दिसू लागला आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट, आहारतज्ज्ञांचा सल्ला आणि शेवटी रंगीत छपाईचा जाडजूड अहवाल, असे त्याचे स्वरूप असते. जुलैमधल्या एका रविवारी माझा पंधरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची भाची यांना घेऊन आम्ही पलासियाच्या बाजूच्या अशाच एका केंद्रात गेलो आणि प्रत्येकी २,८०० रुपये मोजले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी त्या एका केंद्राच्या नसून या पॅकेजच्या मांडणीतच आहेत, असे ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी इतरत्र करून घेतलेल्या तपासण्यांचे अहवाल पाहिल्यावर माझ्या लक्षात आले.

जाण्याचे कारण मुलाची मान हे होते. गेले वर्षभर त्याच्या मानेवरचा काळेपणा मी मळ समजून घासत होते: आधी डाळीचे पीठ आणि हळद, मग लिंबाची फोड, आणि एकदा तर, सांगायला लाज वाटते, पाय घासायची वज्री. परिचारिका असलेली माझी आत्तेबहीण गणपतीत घरी आली होती तेव्हाच म्हणाली होती की घासू नकोस, साखर तपासून घे. पण पंधरा वर्षांच्या मुलाची साखर तपासायची असते हे आम्हाला पटायलाच दहा महिने लागले. या काळेपणाला वैद्यकात अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडू लागते, आणि रक्तातले हे वाढलेले इन्सुलिन मानेच्या व काखेच्या घड्यांतील त्वचेच्या पेशींना वाढायला लावते. त्वचा जाड, मखमली आणि काळसर दिसू लागते. सासऱ्यांना मधुमेह होता, यजमानांना चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, तेव्हा आम्ही खरे तर आधीच सावध व्हायला हवे होते.

व्यवस्थेबद्दल आधी चांगले सांगते. साडेसातची वेळ दिली होती आणि पावणेआठला रक्त घेऊन झाले होते. रक्त घेणाऱ्या मुलीचा हात इतका हलका की सुईला घाबरणारी भाची बोलता बोलता मोकळी झाली. बारा तासांचा उपास का हवा, मध्ये पाणी चालते का, हे आदल्या दिवशी फोन करून नीट समजावले होते. जागा स्वच्छ होती. पण इंदुरात स्वच्छतेचे कौतुक करायचे म्हणजे माशाला पोहता येते असे सांगण्यासारखे आहे.

त्यानंतर उपाशी मुलांच्या हातात न्याहारीचा डबा ठेवण्यात आला. त्यात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, आंब्याच्या पेयाची छोटी पेटी आणि पॅटिस होता. भिंतीवर 'साखर कमी, आयुष्य जास्त' असा फलक होता आणि त्याच्याच खाली बसून सात-आठ मुले नळीने ते पेय ओढत होती. भाचीने पेटी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितल्यापासून तिला ही सवय लागली आहे. 'मामी, हे तपासणीच्या आधी देत नाहीत ते बरे,' एवढेच ती म्हणाली.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार गंभीर आहे. जिना चढून आलेल्या मुलाला लगेच स्टुलावर बसवून, त्याच्या जाड दंडाला तोकडा पडणारा पट्टा करकचून गुंडाळून, सहायकाने १३८/८६ असा आकडा लिहिला आणि पुढे 'उच्च' असा शिक्का मारला. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी किमान ८० टक्के असावी लागते, आणि मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवावे लागते. हे मला ठाऊक नव्हते. नंतर डॉक्टरांनी मोठा पट्टा मागवून स्वतः पुन्हा मोजले तेव्हा समजले. त्या वेळी आकडा १२४/७६ आला. तेरा वर्षांपुढील मुलांमध्ये १२० च्या वर थोडा वाढलेला धरतात, त्यामुळे तोही अगदी दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. परंतु उच्च रक्तदाबाचे निदान वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा मोजल्याशिवाय करायचे नसते, आणि छापील अहवालात आजही तो १३८ च मिरवतो आहे.

अहवाल तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला. जाहिरातीत 'बासष्ट तपासण्या' म्हटले होते, त्याचे गणित तेव्हा उलगडले. हिमोग्रामसाठी रक्ताची एकच नळी लागते, पण पेशींच्या प्रत्येक आकड्याला स्वतंत्र तपासणी मोजली की तिच्या वीस-बावीस ओळी होतात. लघवीच्या आणखी डझनभर. आणि मेद, यकृत, मूत्रपिंड धरून बासष्ट सहज भरतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु पैशाचा मोबदला ओळींवर मोजू नये. खरी हरकत पुढे आहे. पॅकेज किशोरवयीन मुलांचे, आणि अहवालातील बहुतेक मापे मात्र प्रौढांची! मुलाची उंची १६८ सेंटीमीटर, वजन साडेसदुसष्ट किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २३.९, अहवालात त्यापुढे हिरवा ठिपका आणि 'सामान्य' असे लिहिले होते, कारण २५ ही प्रौढांची मर्यादा लावली होती. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी काढलेल्या आलेखांत अतिवजनाची रेषा प्रौढपणीच्या २३ ला आणि लठ्ठपणाची २७ ला जुळेल अशी आखलेली आहे, आणि पंधराव्या वर्षी ती रेषा २३ च्याही खालून जाते. म्हणजे माझा मुलगा अतिवजनाच्या पट्ट्यात आहे आणि अहवाल मात्र त्याची पाठ थोपटतो. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या मेदाचेही तसेच: १३८ हा आकडा प्रौढांच्या १५० च्या आत म्हणून हिरवा, पण या वयात १३० पासूनच तो जास्त मानतात.

शेवटच्या पानावर तर एक वर्तुळ काढून 'पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका : अत्यल्प' असे छापले होते. ते वाचून यजमानांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दहा वर्षांचा धोका सांगणारी जी गणिते जगभर वापरतात ती मोठ्या माणसांसाठी बेतलेली आहेत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासावरून बेतलेले गणित तीस वर्षांपासून सुरू होते, जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते चाळिशीपासून. पंधरा वर्षांचा मुलगा दहा वर्षांनी पंचवीसचा होणार; त्या वयात झटका क्वचितच येतो, पण रक्तवाहिनीच्या आत जे घडायचे ते याच वर्षांत घडत असते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासून १९५३ मध्ये जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी बावीस वर्षांच्या या तरुणांपैकी ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या होत्या. ही माणसे धडधाकट म्हणून लष्करात निवडलेली होती. पुढे अपघातात दगावलेल्या पंधरा ते चौतीस वयाच्या तरुणांच्या शवचिकित्सांतही मेदाचे पिवळे पट्टे महाधमनीत सापडले, आणि धूम्रपान, रक्तातला मेद, वाढलेली साखर, लठ्ठपणा यांच्या प्रमाणात ते वाढलेले दिसले. हे सर्व मला डॉक्टरांनी सांगितले. आणि त्यांच्याच केंद्राचा अहवाल 'अत्यल्प' म्हणतो!

आता ज्या भागासाठी मी हे पॅकेज पुन्हा घेईन त्याकडे येते. डॉक्टर बाई साधारण पन्नाशीच्या, बोलणे हिंदीत, पण मराठी पूर्ण समजत होते. आमची कागदपत्रे पाहून त्यांनी मुलाला म्हटले, 'बेटा, मम्मी थोड़ी देर बाहर बैठेंगी,' आणि मला हसून दाराकडे हात केला. मला ते प्रथम आवडले नाही. मुलगा वीस-बावीस मिनिटे आत होता. नंतर भाचीही तितकाच वेळ. आत घर, अभ्यास, खाणे, खेळ, झोप, तंबाखू-दारू, मनःस्थिती यांविषयी ठरावीक क्रमाने विचारतात आणि जिवाला धोका असल्याखेरीज आतले बोलणे बाहेर सांगत नाहीत, एवढे आम्हाला आधी स्पष्ट केले होते. तंबाखूचा प्रश्न त्या सर्वच मुलांना विचारतात, घराणे पाहून वगळत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्याच वर्षी कायद्याने बंदी आलेली ई-सिगारेट दप्तरात लपवायला विडीपेक्षा सोपी आहे.

परतताना स्कूटरवर मागे बसून मुलगा आपणहून बोलला. चाचणी परीक्षेच्या आठवड्यांत तो दिवसाला दोन एनर्जी ड्रिंक घेतो, हे मला त्या दिवशी, गीता भवनच्या चौकातल्या लाल दिव्यापाशी कळले. नियमानुसार अशा पेयात लीटरमागे ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, म्हणजे २५० मिलीलीटरच्या दोन बाटल्यांत दीडशे मिलीग्रॅमपर्यंत. शिवाय साखर वेगळी. मुलांसाठी शिफारस नाही अशी सूचना त्यावर छापलेली असते, पण ती वाचायला भिंग लागते आणि विकत घ्यायला वीस रुपये. बाकी आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावे हेच बरे.

मला आत बोलावल्यावर डॉक्टरांनी त्याच्या फोनमधले स्क्रीन टाइमचे पान उघडायला लावले. आठवड्याची सरासरी दिवसाला सहा तास चाळीस मिनिटे होती आणि शेवटचा वापर रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. मग त्यांनी मला विचारले, 'सकाळी किती वाजता उठतो?' भंवरकुआँच्या क्लासची साडेसहाची बॅच, म्हणून साडेपाचला. ती बॅच मीच घ्यायला लावली होती, कारण ती 'हुशार मुलांची' आहे असे कोणीतरी सांगितले होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुले जागतात ती निव्वळ उनाडपणाने नाही, आणि पहाटे उठवले की ती झोप भरून निघत नाही. थोड्याच रात्री झोप तोकडी पडली तरी शरीर इन्सुलिनला कमी दाद देते आणि भूक, त्यातही गोड-तळकट खाण्याची, वाढते. फोनसाठी मी त्याला बोलत आले होते. बॅचबद्दल मला कोणी बोलले नव्हते.

त्यानंतर त्यांनी खणातून शिंप्याकडे असते तशी साधी टेप काढली आणि मुलालाच आपले पोट मोजायला सांगितले. शहाऐंशी सेंटीमीटर. 'कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, तुझी किती हवी?' त्याने मनात हिशेब केला: चौऱ्याऐंशीच्या आत. बासष्ट ओळींपैकी एकही ओळ त्याने स्वतःहून वाचली नव्हती. शहाऐंशी हा आकडा मात्र त्याने घरी येऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवला आहे.

त्याचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ५.८ आले. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा, ६.५ पासून मधुमेह. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आपल्या देशातील किशोरवयीनांपैकी सुमारे दहात एक जण या मधुमेहपूर्व टप्प्यात आढळला होता, तेव्हा तो एकटा नाही. पण डॉक्टरांनी धीर देताना गुळगुळीत बोलणे टाळले हे मला आवडले. कोवळ्या वयात जडलेला टाइप २ मधुमेह मोठेपणी होणाऱ्या मधुमेहापेक्षा चिवट असतो, असे त्या म्हणाल्या. अमेरिकेत अशा मुलांचा तेरा वर्षे पाठपुरावा केला तेव्हा सरासरी सव्विसाव्या वर्षीच त्यांतील साठ टक्के जणांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत किंवा नसांत काही ना काही बिघाड सुरू झाला होता. मधुमेहपूर्व टप्प्यावरून मात्र मागे फिरता येते. औषध दिले नाही. रोज एक तास घाम येईल इतकी हालचाल, साडेअकराला फोन बैठकीच्या खोलीत, क्लासची दुपारची बॅच आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हा आकडा साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो.

भाचीच्या बाबतीत अहवालाने उलटा घोळ घातला. ती सडपातळ, म्हणून सगळीकडे हिरवे ठिपके. फक्त एचबीए१सी ५.७ म्हणून त्यापुढे लाल अक्षरांत 'मधुमेहपूर्व' असे यंत्रानेच छापलेले. वन्संनी ते वाचले आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. चार पाने अलीकडे तिचे हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे कमी होते, पण दोन आकड्यांचा मेळ कोणी घातला नव्हता. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीए१सी मुळात आहे त्याहून जास्त दिसू शकते. म्हणून आधी लोह भरून काढायचे आणि मग साखरेचे पाहायचे, असे डॉक्टरांनी ठरवले. आपल्याकडे पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के जणींना रक्तक्षय आहे असे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत दिसले होते, त्यामुळे ही जोडणी अहवालात आपोआप व्हायला हवी. बारीक अंगकाठी म्हणजे निर्धोक, हा समजही त्यांनी खोडून काढला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. न्याहारी न करता, दुपारी बिस्किटे आणि संध्याकाळी पाकिटातले नूडल्स खाणाऱ्या आमच्या भाचीला हे छायाचित्र फार लागले, असे दिसले.

आहारतज्ज्ञ तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा काटा व शेवेची बरणी होती. 'पोह्यांवर घरी घालतोस तेवढी शेव घाल,' त्या म्हणाल्या. मुलाने संकोचून हात आखडता घेतला असावा, तरी काट्यावर एक्केचाळीस ग्रॅम दिसले. शंभर ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी, म्हणजे पोह्यांच्या नुसत्या सजावटीत दोन फुलक्यांहून अधिक. शेव बंद करा असे त्यांनी सांगितले नाही; इंदुरात तसे सांगणाऱ्याचे कोणी ऐकतही नाही. चमच्याने घाला, पोह्यांत शेंगदाणे आणि मटार वाढवा, जलेबी रविवारी, आणि सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जायचे तर रात्री अकराच्या जेवणाऐवजी जा, त्यावर भर म्हणून जाऊ नका, असा व्यवहारी सल्ला होता. मात्र निघताना हाती दिलेल्या छापील तक्त्यात ओट्स, ब्रोकोली, ॲव्होकॅडो आणि भाजलेला मासा होता. आमचे घर शाकाहारी आहे, हे अर्जात लिहिले होते. वर व्हॅनिला चवीच्या प्रथिन पावडरीचा नमुना आणि 'आज घेतल्यास पंधरा टक्के सूट' हेही होते.

पैशाचा हिशेब करायचा तर २,८०० रुपयांपैकी आमच्या उपयोगी पडले ते उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, मेद, हिमोग्राम आणि शाकाहारी घरांत बी१२. ईसीजी आणि निम्म्या ओळी वगळल्या तरी चालले असते. डॉक्टरांच्या वेळेला मी पाचपैकी पाच देईन, अहवालाला दोन, न्याहारीला काही नाही. जायचे असेल तर नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे: डॉक्टर मुलाला एकट्याला किती मिनिटे भेटणार, बीएमआय भारतीय मुलांच्या आलेखावर मांडणार का, आणि मोठ्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा आहे का. ज्यांना हा खर्च नको त्यांच्यासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१४ पासून सरकारी रुग्णालयांत किशोरांचे स्वतंत्र दवाखाने आहेत आणि तेथे समुपदेशन विनामूल्य मिळते; आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला आम्ही तिकडे पाठवले.

मी केंद्राला सविस्तर पत्र लिहिले. पट्ट्याबद्दल दिलगिरी आली, मापांबद्दल 'संगणक प्रणाली तशी आहे' असे उत्तर आले, न्याहारीबद्दल काहीच आले नाही. मुलाची पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे. क्लासची बॅच बदलली आहे, कपाटाच्या दारावर शहाऐंशीच्या खाली साडेपंच्याऐंशी असे लिहिलेले परवा दिसले, आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी न्याहारीला थालीपिठाचा डबा घरून न्यायचा असे दोन्ही मुलांनी आताच बजावून ठेवले आहे.